दादाच्या बागेतून बोटी

जालन्यात आमची बोट आहे म्हटलं की माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, चालवता कुठे, मोती तलावात? हा विनोद आमच्या घरी इतक्यांदा झालाय की पाहुण्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी चहा ठेवायला उठते. नवरा मात्र दरवेळी तितक्याच उत्साहानं सांगत बसतो की गोदावरी जालना जिल्ह्यातूनच जाते, बंधाऱ्यांमुळे हिवाळाभर पाणी तुंबलेलं असतं आणि त्या पाण्यावर मैलोन् मैल जाता येतं. नवऱ्याला मी समोर ‘अहो’च म्हणते. लिहिताना ‘तो’ म्हणते, एवढी सूट या वयात घ्यायला हरकत नाही.

त्याचा जन्म गेला एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये, फिटर म्हणून. बोट त्यानं स्वतः बांधली, एका मित्राच्या शेडमध्ये, लोखंडी पत्र्याची. आत दोन माणसं झोपतील एवढी केबिन, एक स्टोव्ह, मागं छोटं इंजिन. बाकीच्यांच्या बोटी फायबरच्या, हलक्या. आमची वजनाला भरलेल्या ट्रॉलीसारखी, कारण जालन्याच्या माणसाला लोखंडाशिवाय कशावर भरवसाच नाही. मिलमधले लोक तिला ‘तिजोरी’ म्हणायचे. तो हसायचा, पण त्याला ते लागायचं. मला दिसायचं ते.

अशा मुक्कामाच्या छोट्या बोटी असणाऱ्यांचा एक गट आहे. पुण्या-नाशकाचे, नागपूरचे, बहुतेक आमच्याच वयाचे. दर हिवाळ्यात एखाद्या धरणावर शनिवार-रविवार जमतात, पाण्यावरच झोपतात, एकमेकांच्या बोटींना नावं ठेवतात आणि परत जातात. गेल्या वर्षी निरोपाच्या जेवणात माझ्या नवऱ्यानं उभं राहून सांगून टाकलं, पुढच्या वर्षी आमच्याकडे या. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

मग ते सगळं माझ्याच गळ्यात पडलं, हे सांगायला नको. मी शाळेत शिक्षिका होते, स्नेहसंमेलनं करून हात बसलेला. पण शाळेच्या संमेलनात मुलं चालत येतात. इथं बोटी ट्रेलरवरून येणार होत्या आणि त्या पाण्यात उतरवायच्या कुठून हाच पहिला प्रश्न होता. गावातल्या घाटाला पायऱ्या. बंधाऱ्याजवळ कुणाला जाऊ देत नाहीत. बाकी सगळा काठ उभा, वेड्या बाभळींनी भरलेला. ट्रेलर थेट पाण्यापर्यंत जाईल अशी वाट आम्हाला माहीत होती ती एकच, आणि ती माझ्या माहेरच्या रानातून जात होती.

माझं माहेर वडीगोद्रीहून आत, गोदेच्या काठी. थोरला दादा शेती करतो. त्याच्या मोसंबीच्या बागेच्या मधोमध बैलगाडीची जुनी वाट आहे, दोन्ही बाजूंना झाडं, आणि ती उतरत उतरत नदीला लागते. नवरा डिसेंबरात एकटाच जाऊन दादाला विचारून आला. येताना मोसंबीची पिशवी घेऊन आला आणि भलताच खुशीत होता. दादा काय म्हणाला, असं मी विचारलं. तर म्हणे, “रान तुमचंच हाय दाजी, विचारायचं काय?” झालं. त्यानं त्याच दिवशी सगळ्यांना कळवलं आणि मी कामाला लागले.

सव्वीस जानेवारीला लागून आलेला शनिवार-रविवार धरला. बंधाऱ्यात तेव्हा पाणी भरपूर असतं. पुढचे कित्येक आठवडे माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. कोळ्यांची जाळी कुठे लावलेली असतात ते विचारून तिथं खुणेला झेंडे लावायचे. बायकांची आंघोळीची सोय दादाच्या घरी. जेवायला हुरडा, कारण पुण्याच्या लोकांना हुरडा म्हटलं की पुढचं काही ऐकू येत नाही. पोहता न येणाऱ्यानं लाइफ जॅकेट काढलं तर जेवण मिळणार नाही, असा नियम मी फोनवर सगळ्यांना ऐकवला. नवरा रोज शेडमध्ये जाऊन बोटीला रंगाचा आणखी एक हात देत होता. इतका घाबरलेला मी त्याला आमच्या लग्नातही बघितला नव्हता. इतकी जड बोट लांबच्या धरणांवर कधी नेता आली नव्हती, त्यामुळे त्याची तिजोरी पहिल्यांदाच चारचौघींत पाण्यावर दिसणार होती.

संमेलनाच्या आधीच्या सोमवारी मी तयारी बघायला माहेरी गेले. रस्त्यानं जाताना दोन्हीकडच्या बागा भिजवलेल्या दिसल्या. काळी ओली माती, झाडं टवटवीत, काही ठिकाणी तर कळी धरायला लागलेली. दादाच्या रानाशी वळले आणि गाडी थांबवली.

बागेत पानं पडली होती. थोडीथोडकी नाही, बुंध्याभोवती सडाच. झाडावर होती ती वळून सुरळी झालेली. वाट मात्र ठणठणीत, फरशीसारखी कडक.

मोसंबीला दर वर्षी पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. थंडीत झाड उपाशी ठेवायचं, थोडी पानं गळू द्यायची आणि नेमक्या वेळी पाणी सोडायचं, म्हणजे झाड फुलावर येतं. सगळी करामत त्या नेमक्या वेळेची. ती चुकली, झाड फार वाळलं, तर बहार जातो, फांद्या वाळतात, कधी झाडच जातं. दादा संक्रांतीच्या आत ताण तोडतो, म्हणजे बागेला पाणी सोडतो. वडील तोडायचे, तोही तोडतो. संक्रांत होऊन गेली होती.

मी दादाला विचारलं. तो म्हणाला, यंदा ताण जरा जास्ती द्यावं म्हणलं, आणि मला हुरड्यासाठी राखलेली ज्वारी दाखवायला निघाला. त्याला खोटं बोलता येत नाही. लहानपणीही यायचं नाही, त्याच्या वाटचं मी बोलायचे.

खरं वहिनीनं सांगितलं, चुलीपुढे, माझ्याकडे न बघता. “पानी सोडलं तर वाटंचा चिखल व्हतो, ताई. तुमच्या गाड्या फसत्यान. तुमचं झाल्यावर सोडू म्हनले.”

आमची माती काळी, चिकट. पाटानं बाग भिजवली की ती वाट पंधरा दिवस माणसाचा पाय सोडत नाही, ट्रेलर कुठला सोडते. हे मला माहीत होतं. नवऱ्याला नव्हतं, त्याचा शेतीशी संबंध भाजीपुरता. आम्ही तारीख ठरवली ती बंधाऱ्यातलं पाणी बघून. बागेचं पाणी कुणी बघितलंच नाही. आणि ज्याला ते ठाऊक होतं त्यानं जावयाला ‘रान तुमचंच’ म्हणून सांगितलं होतं. आमच्याकडे जावयानं काही मागितलं की हेच म्हणतात. बैल मागितला तर बैल तुमचाच, घर मागितलं तर घर तुमचंच. शहाणा जावई त्यावर हसतो आणि विषय सोडून देतो. माझ्या नवऱ्यानं होकार समजून नागपूरपर्यंत फोन केले.

मला इतका राग आला की कुणावर काढू ते कळेना. दादाला मी बागेतच गाठलं आणि म्हटलं, एका शब्दानं सांगितलं असतंस तर तारीख बदलली असती. तो ऐकून घेत होता आणि पायानं पडलेली पानं एका जागी गोळा करत होता. मग म्हणाला, “जिथं बहीण दिली तिथं न्हाई म्हनायची रीत न्हाई आपल्यात. अन् पाच-सहा दिवसाचाच तर सवाल हाय.”

“झाडं काढतील का पाच-सहा दिवस?”

त्यानं सुरळी झालेलं एक पान तोडून बोटांत चुरलं. मी नवऱ्याला फोन करायला मोबाइल काढला तर दादानं माझा हात धरला. असा हात त्यानं कधीच धरला नव्हता. दाजींना सांगितलंस तर माझी इज्जत गेली, म्हणाला. मंग त्यांना कळंल की मी मनातून दिलंच न्हवतं.

मी विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. नवऱ्याचा चेहरा डोळ्यापुढून हलेना. त्याचा तो रंगाचा हात, बोटीतला धुऊन ठेवलेला स्टोव्ह. नागपूरची मंडळी उद्याच निघणार होती, वाटेतल्या धरणांवर मुक्काम करत. न सांगावं तर ही बाग, वडिलांनी खड्डे खणून लावलेली, माझ्या डोळ्यांदेखत जाणार. सांगावं तर भाऊ माझ्या नवऱ्यापुढे पुन्हा मान वर करणार नाही. दोन घरांच्या मध्ये बाईला बसवतात ते कशासाठी, असं मनात आलं आणि रडू आलं. रडून झालं, तेव्हा थ्री फेजची लाईट आलेली होती, म्हणजे मोटार चालणार होती. मोटारीचा स्टार्टर माझ्यासमोर होता.

मी बटण दाबलं.

पाटात पाणी आलं ते फेसाळत, कचरा पुढे ढकलत. पहिल्या ओळीतल्या आळ्यांत शिरलं. वाळलेल्या मातीनं ते इतक्या झपाट्यानं ओढून घेतलं की पुढे सरकेचना. दादा आवाज ऐकून धावत आला आणि स्टार्टरकडे हात घातला. मी मध्ये उभी राहिले.

“काय करून राह्यली तू? बंद कर ते.”

“तुला त्यांना नाही म्हणता येत नाही. मला येतं. माझा नवरा आहे तो.”

तो थांबला. मला बाजूला सारणं त्याला सहज जमलं असतं. पण तो बांधावर बसला, डोक्याचा रुमाल काढला आणि तोंड पुसत राहिला. पाणी वाटेवर आलं, तिच्या चाकोऱ्यांत भरलं आणि नदीच्या दिशेनं उतरायला लागलं. वहिनी केव्हा येऊन फावडं घेऊन पाण्याचं बारं पुढच्या ओळीत वळवायला लागली, ते आम्हाला कळलंही नाही.

नवऱ्याला मी फोनवर सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तो म्हणाला, मला कसं कळलं नाही गं. आणि मग चिडला, माझ्यावरच. आता मी लोकांना काय तोंड दाखवू, म्हणाला. तू मला विचारायचंस तरी. मी म्हटलं, विचारलं असतं तर तुम्ही दोघं एकमेकांना तुमचंच, तुमचंच म्हणत बसला असता आणि झाडं गेली असती. त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकलवर आला. दादा बागेच्या तोंडाशी हात जोडून उभा. माझीच चूक झाली दाजी, मीच घाई केली पान्याला, असं म्हणायला लागला. माझ्यावर येऊ नये म्हणून. नवऱ्यानं बूट काढले, पँट दुमडली आणि तो थेट चिखलात शिरला. घोट्यापर्यंत रुतत तो एकेका झाडापाशी जाऊन उभा राहत होता. परत आला तेव्हा त्यानं दादाचे जोडलेले हात धरून खाली केले.

माझ्याशी त्याचं बोलणं दोन दिवस बंद होतं. पण फोन त्यानंच सगळ्यांना केले आणि खरं कारण सांगितलं. काहींनी येणं रद्द केलं. काही वाटेतच होते, ते म्हणाले, आलोच आहोत तर हुरडा खाऊन जाऊ. शनिवारी दादाच्या खळ्यावर चार बोटी ट्रेलरवर उभ्या राहिल्या, आमची पाचवी. गावातली पोरंसोरं केबिनमध्ये चढून बघत होती. तिजोरी म्हणून हसलं कुणी नाही. नागपूरचे निवृत्त इंजिनिअर तर तिच्या वेल्डिंगवर हात फिरवून फिरवून बघत होते आणि नवरा त्या आठवड्यात पहिल्यांदा जरा सैलावला.

जेवणं झाल्यावर ते इंजिनिअर वाटेपर्यंत जाऊन आले. वरून वाळल्यासारखी दिसत होती. त्यांची बोट सगळ्यांत हलकी. ट्रॅक्टर लावला तर एक तरी बोट उतरेल, म्हणाले, इतक्या लांब आलोय, हरकत नसेल तर.

दादानं हातातलं कणीस खाली ठेवलं. “न्हाई,” म्हणाला. “बिलकुल न्हाई. बाग आत्ता भिजलीय, मुळं तुटतीन.”

सरळ, तोंडावर. हात जोडले नाहीत, माफी मागितली नाही. इंजिनिअर बरं म्हणाले आणि पुन्हा हुरड्याकडे वळले, त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

नवरा माझ्या शेजारी बसला होता. तो दादाकडे बघतच राहिला. मग हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं, त्यानं विचारलं, “आणि दादा, आत्ता हे मी विचारलं असतं तर?”

दादा मोसंबीच्या वाळलेल्या शेंड्यांकडे बघत होता.

“तुम्ही नका विचारू, दाजी,” तो म्हणाला.

नवऱ्यानं मान हलवली आणि स्वतःच्या पुढ्यातला गरम हुरडा दादाच्या ताटात ओतला.