समकक्ष व्यवसाय

पलटणीतून निवृत्त झालेल्या माणसांना नोकऱ्या शोधून देणं हे माझं काम होतं. नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला आणि त्यानंतर वर्षभरात मला सैनिक बोर्डाच्या पुण्याच्या कचेरीत कारकून म्हणून घेतलं. आधी नुसतं टायपिंग, मग अर्ज भरून घेणं, आणि पुढे महिन्यातून एकदा पौडला जाऊन मुळशीतल्या माणसांची नोंद करणं. तिथल्या तहसील कचेरीच्या व्हरांड्यात मला एक टेबल आणि दोन खुर्च्या मिळत.

येणारे पुरुष छत्तीस-अडतीस वर्षांचे असत. डिस्चार्ज बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं. खुर्चीवर पाठ न टेकता बसायचे. अर्जात एक रकाना होता, ‘नागरी जीवनातील समकक्ष व्यवसाय’. तोफखान्यातल्या माणसासमोर मी लिहायचे, चौकीदार. पायदळातल्यासमोर, चौकीदार. चौदा वर्षं बिनतारी यंत्रावर बसलेल्यासमोरही तेच, कारण त्याच्याकडे आयटीआयचा कागद नव्हता आणि कारखान्यांना फाटकावर उभी राहणारी माणसंच हवी असत. चार-पाच वर्षांत मला असं झालं होतं, की समोरचा काय सांगतोय ते मी अर्धंच ऐकायचे.

माले गावच्या हवालदाराचंही मी अर्धंच ऐकलं. तो इंजिनिअर पलटणीत होता. नद्यांवर तरंगते पूल बांधायचे, मोटारबोटींतून सामान पलीकडे न्यायचं, बोटींची इंजिनं दुरुस्त करायची, अशी त्याची सतरा वर्षं गेली होती.

“हितं तसलं काय काम आसंल का, बाई?” त्यानं विचारलं.

“इथं कुठले पूल, हवालदार?” मी म्हणाले आणि रकाना भरला.

पौड रस्त्यावरच्या एका लहान कारखान्यात मी त्याला लावलं. त्यासाठी व्यवस्थापकाला तीनदा भेटले होते. आमच्या कामात एक माणूस लागला की महिनाभर बरं वाटायचं. दोन महिन्यांनी मी पौडला गेले, तर हा पहिल्या खुर्चीवर बसलेला.

“सुट्टी आहे का आज?”

“न्हाई. सोडली.”

मी पेन खाली ठेवलं. त्यानं हळूहळू सांगितलं. संध्याकाळी सुटणाऱ्या बायकांचे जेवणाचे डबे उघडून बघायचे, असा हुकूम निघाला होता. त्यांतल्या निम्म्या मालेच्याच होत्या, एक तर त्याची भावजय.

“मी सामान राखीन. उनात हुभा ऱ्हाईन. पर बायामाणसांचं डबं उघडायला मला नगा सांगू म्हनलं सायबाला. तर म्हनला, मग घरी जा. आलो घरी.”

त्याचं म्हणणं चूक नव्हतं, आणि ते मला तेव्हाही कळत होतं. पण त्या दिवशी मला ताप होता, मुलीची परीक्षा होती, आणि त्या कारखान्यात आता मी दुसऱ्या कुणाला पाठवू शकणार नव्हते. मी म्हणाले, “तुम्हाला डबे उघडायची लाज वाटते. तुम्ही परत तरी आलात, हवालदार. घरी बायको-मुलं बघतायत तुम्हाला. ज्यांची माणसं आलीच नाहीत, त्यांनी काय करायचं?”

माझ्या नवऱ्याचं पौडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. तो उठला, डिस्चार्ज बुक पिशवीत घातलं, पिशवीची घडी घातली आणि “बराय, बाई” म्हणून पायऱ्या उतरला. मी पुढच्याला बोलावलं. परतीच्या एस.टी.त खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला राग आला होता, पण कुणाचा ते नीट सांगता आलं नसतं.

मग दोन महिने तो आला नाही. मीही कुणाला विचारलं नाही.

पौडच्या बाजारात एका मुसलमान गृहस्थांचं कापडाचं दुकान होतं. त्यांच्या बाकावर बसून मी डबा खायचे. मुळशी धरणापलीकडच्या गावांत होडीतून गठ्ठे घेऊन विकायला जात, म्हणून त्यांना धरणाच्या पाण्याची सगळी खबर असे. त्या दिवशी ते कुरकुरत होते. एका संस्थेनं पलीकडच्या गावांसाठी मोटारबोट दिलेली, पण इंजिन बंद पडून ती चार महिने काठावर पालथी पडली होती. पुण्याहून मेकॅनिक यायला तयार नव्हता.

“वल्ह्याच्या होडीत गठ्ठं भिजत्यात आमचं,” ते म्हणाले. “लई हाल हायेत.”

मी डबा बंद केला. मग मी त्यांना मालेच्या हवालदाराचं घर सांगितलं. “मी सांगितलं म्हणू नका,” असंही म्हणाले.

त्यानं पाच दिवसांत इंजिन चालू केलं. गावांनी त्यालाच बोटीवर ठेवून घेतलं. मी कचेरीत ही नोंद करायला गेले, तर साहेब म्हणाले, अर्ज नाही, नेमणुकीचं पत्र नाही, ही आपली नोकरी कशी? त्याचं नोंदणीचं कार्ड बंद झालं. मी वाद घातला नाही. तेवढी ताकद नव्हती.

पुढच्या वर्षी पलीकडच्या एका आजारी माजी सैनिकाचे कागद करायला मला तिकडे जावं लागलं. सकाळची वेळ होती. बोटीत दहा-बारा माणसं, दोन शेळ्या. हवालदारानं मला बघितलं आणि मधल्या फळीवरची टोपली बाजूला केली.

“बसा मधी. कडंला पानी उडतंय.”

इंजिनाच्या आवाजात बोलता येत नव्हतं. पलीकडे पोचून त्यानं ते बंद केलं. शेळ्या, माणसं उतरली. मी मागे थांबले.

“बरं आहे ना काम?”

“हाय की. लोकं वाट बघत्यात,” तो म्हणाला.

“त्या दिवशी मी बोलले, ते बोलायला नको होतं.”

तो बोटीत साचलेलं पाणी डब्यानं काढत होता.

“लढाईत पुलाच्या कामावर माझ्या बाजूची दोघं जवान गेली, बाई. त्यांच्या घरी अजून गेलो न्हाई मी. काय तोंड दावू, असं वाटतंय. तुमी बोलला, तवा वाटलं, त्यांच्या घरचीच कोन तरी बोलतीया.” मग म्हणाला, “यकदा जाऊन येईन म्हनतोय. पत्ता हाय माझ्याकडं.”

“जा,” मी म्हणाले. “त्यांच्या बायका काही बोलल्या, तरी जा.”

त्यानं मान हलवली आणि मला उतरायला हात दिला. आजारी माणसाचं घर चढावर होतं. मी दोनदा थांबून दम घेतला. खाली बोट परत निघाली होती.