कितलं माहीत नही

आमच्या शकुंतलाअक्कांना काहीही विचारा, उत्तरात एकच आकडा कधी यायचा नाही. "अक्का, बस कितीला?" "सव्वानऊ ते पावणेदहा." "डब्यात भाकरी किती?" "दीड ते दोन. तू किती खातेस त्यावर!" धरणगावच्या शेतकरी घरातल्या अक्का जळगावच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. वर्गात प्रमाण मराठी, खुशीत आल्या की अहिराणी. मी त्यांच्या हाताखाली नुकतीच लागले होते.

त्या पावसाळ्यात शहरात डेंग्यू पसरला. दोन आठवड्यांनी किती खाटा लागतील, हे आरोग्य विभागाच्या साहेबांनी आम्हाला विचारलं. मी कॉम्प्युटरवर साथीचं गणित मांडलं आणि ऐटीत सांगितलं, "साठ!"

"एक डास किती जणांना चावतो, ते किती धरलंस?" अक्कांनी विचारलं. "आणि ताप अंगावर काढणारे?"

"अंदाजाने धरलं."

"मग अंदाज हलवून बघ."

मी गृहीतकं थोडी थोडी बदलून तेच गणित हजार वेळा चालवलं. दहातली नऊ उत्तरं चाळीस आणि नव्वदच्या मध्ये विखुरली. माझा चेहरा पडला. "अक्का, आपल्याला काहीच कळत नाही असं वाटेल साहेबांना."

अक्का खळखळून हसल्या. "माले बठ्ठं माहीत नही. पन कितलं माहीत नही, ते माहीत शे!" बठ्ठं म्हणजे सगळं.

साहेब वैतागले. "मॅडम, मला वर एक आकडा कळवायचाय."

"एक आकडा देते. तो चुकेल, एवढी खात्रीही देते," अक्का शांतपणे म्हणाल्या. "साहेब, खाटा नव्वद लावा. रिकाम्या राहिल्या तर आपण पेढे वाटू."

कुरकुरत का होईना, साहेबांनी नव्वद लावल्या. त्यातल्या ब्याऐंशी भरल्या. एकाही पेशंटला जमिनीवर झोपावं लागलं नाही, आणि सगळे बरे होऊन घरी गेले. पेढे साहेबच घेऊन आले. "मॅडम, तुमचं बरोबर निघालं!"

"यावेळी," अक्कांनी पेढा उचलला. "दहात एकदा बाहेरही जाईल. तेव्हाही असेच या."

निवृत्तीनंतर अक्का धुळ्याला लेकीकडे राहायला गेल्या. यंदा डेंग्यूच्या अंदाजासाठी आरोग्य विभागाने मला एकटीला बोलावलं. अहवाल देण्याआधी धास्तावून मी त्यांना फोन लावला. पलीकडे कढईत काहीतरी चरचरत होतं.

"अक्का, एकदा तपासून देता का?"

"माले कसाले इचारस?" त्या म्हणाल्या. "आते तू शिकाड त्यासले."

आता साहेबांना शिकवायची पाळी माझी होती. मी अहवालावर सही केली.