तयार ठेवलेला नारळ

बातमी आली तेव्हा मी अमेरिकेतल्या ट्रॉय गावात, घरापुढचा बर्फ उपसत होतो. सुनंदा, माझी बायको, फोन हातात घेऊन दारात आली. "जपानहून होता. तुमचे हिराओका-सान गेले," म्हणाली. मी उरलेला बर्फ उपसला आणि मग आत आलो. दुसरं काय करणार... सबंध २००८ साल वाईट बातम्या ऐकण्यातच गेलं होतं.

हिराओका-सान आमच्या कंपनीचे संस्थापक. गावातल्या एका भट्टीत कपबश्या भाजता भाजता ते मोटारींना लागणाऱ्या सिरॅमिकच्या भागांकडे वळले आणि बघता बघता अमेरिकेत पोचले. २००१ मध्ये इथली भट्टी पेटवायला स्वतः आले. जपानी रीतीप्रमाणे तिच्या कोपऱ्यांत चिमूट चिमूट मीठ टाकलं आणि मला विचारलं, तुमच्याकडे काय करतात? नारळ फोडतात, मी म्हणालो. झालं! समारंभ थांबवून मला इंडियन स्टोअरला पिटाळलं. सेफ्टीवाल्यानं गॉगल घातल्याशिवाय फोडू दिला नाही, ती गोष्ट वेगळी. त्यानंतर ही रीतच पडली. दूर दक्षिणेत प्लेनोजवळ दुसरी भट्टी झाली, पुढे आणखी दोन झाल्या, आणि दर वेळी ट्रॉयच्या त्याच दुकानातला नारळ घेऊन मी हजर. तिथेही मिळतो, असं सांगून पाहिलं. ऐकतील तर शपथ. इंजिनिअर म्हणून आलो आणि भटजी झालो, असं मी घरी कुरकुरायचो. पण बोलावणं आलं नसतं तर वाईट वाटलं असतं, हेही खरं.

एकदा आमच्याकडे वरणभात जेवताना ते म्हणाले, "आता नव्या कारखान्यात मला दारावर नाव विचारतात." हसत म्हणाले, पण थकलेले दिसले. थोड्याच दिवसांनी त्यांनी कारभार मुलाकडे सोपवला.

मग गाड्या खपेनाशा झाल्या आणि इथली भट्टी विझवायचा हुकूम आला, तोही ताबडतोब. भट्टी एकदम थंड केली की आतल्या विटा तडकतात, पुन्हा कधी पेटत नाही. आजारी असून हिराओका-सान आले. ते ती वाचवतील अशी आम्हाला वेडी आशा होती. ते त्यांना जमलं नाही. मुलाशी भांडून त्यांनी एवढंच मिळवलं, की आच हळूहळू उतरवायची. ती पूर्ण उतरेपर्यंत ते रोज भट्टीजवळ खुर्ची टाकून, कोट घालून बसले. मला त्यांचा राग आला होता. विझवायचीच तर हे लाड कशाला?

शेवटच्या दिवशी त्यांनी मला आत वाकून बघायला लावलं. एकाही विटेला तडा नव्हता.

"नारळ तयार ठेव," ते म्हणाले. एवढंच.

आता बंद कारखान्याच्या राखणीला मी आणि आणखी एक कामगार, असे दोघंच उरलोय. ऑर्डर नाही, आणि पेटवा म्हणणारा माणूसही नाही. ऑफिसच्या कपाटातला नारळ सुकून खुळखुळायला लागला, तेव्हा सुनंदा म्हणाली, पुरे आता. तिचं बरोबर आहे, मीही दमलोय... काल घरी येताना त्याच दुकानात गेलो. एक नारळ उचलला, कानाशी धरून हलवला. पाणी होतं. घेतला.