घड्याळवाले डॉक्टर

आमच्या डॉक्टरांना सगळे 'घड्याळवाले' म्हणत. ऐंशीच्या दशकात, नाशकात सोनोग्राफीची यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी होती तेव्हा, त्यांची तपासणीची खोली होती. आत अंधार आणि यंत्राशेजारी रेडियमच्या काट्यांचं गजराचं घड्याळ. पोटात काही शंकास्पद दिसलं की ते प्रोब तिथेच टेकवून ठेवत, घड्याळाकडे एकदा बघत आणि पुरी दोन मिनिटं हात हलवत नसत. प्रोब म्हणजे पोटावर फिरवायची ती मूठ. खेड्यातल्या बाया तिला इस्त्री म्हणायच्या. मी तिथली सिस्टर, त्यामुळे बाहेर खोळंबलेल्या रांगेची बोलणी मी खायची.

या दोन मिनिटांमागे एक चूक होती आणि ती ते कुणालाही सांगत, अगदी जेवताना डबा उघडून बसल्यावरसुद्धा. पेठ तालुक्यातल्या एका पोरीच्या पित्तनळीत त्यांना पांढरी रेघ दिसली होती. लगेच हात उचलून त्यांनी 'खडा' लिहून टाकलं. सर्जननी पोट उघडलं तर आत वीतभर जंत, तोही जिवंत. आतड्यातून वर चढून नळीत शिरलेला. "खडा बसून राहतो, जंत हलतो," ते म्हणत. "खड्यामागे काळी सावली पडते, ती नव्हती. तेही मी पाहिलं नाही. जरा थांबलो असतो तर पोरीचं पोट फाडावं लागलं नसतं." पोरगी बरी झाली. डॉक्टर काही त्यातून बरे झाले नाहीत.

जंतांची अंडी कच्च्या भाजीतून पोटात जातात, म्हणून तिची त्यांना धास्ती होती. माझ्या डब्यातल्या पोह्यांवरची कोथिंबीर चमच्याने बाजूला करून विचारत, "किती पाण्यांनी धुतली?"

"तीन."

"चार का नाही?"

माझ्या सासूनेही कधी इतकी उलटतपासणी घेतली नव्हती. हे रोजचं होतं आणि मी रोज चिडायची.

पुढे त्यांच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. मी ऐकत होते, पण बोलले नाही. बोलायला हवं होतं.

अशात मखमलाबादची कमल आली. मळ्यात भाजी करणारं घर, सात महिन्यांची गरोदर, उजव्या कुशीत कळा आणि डोळे पिवळे. सर्जनना खड्याची शंका होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं. सोबत सासू. "पोट फाडलं तर लेकराचं काय हुईल ओ?" ती विचारत होती. तिला कुणी नीट उत्तर देत नव्हतं.

पडद्यावर नळीत रेघ दिसली. मागे सावली नव्हती. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मिनिटभराने रेघ थरथरली.

"सिस्टर, हललं?"

"हललं."

"ते, की माझा हात?"

मला सांगता येईना. त्यांनी हात उचलला. दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत त्यांना हात उचलताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मला फार वाईट वाटलं.

"इथे बसा. तुम्ही धरा."

"मला कुठे येतं?"

"न हलता धरायचं, एवढंच. पाच वर्षं बघताय."

त्यांनी प्रोब जागेवर लावून दिला आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. "कमल, श्वास रोख. सोड. पुन्हा रोख." माझा खांदा भरून आला. दुसऱ्या मिनिटाला, तिने श्वास रोखलेला असताना, ती रेघ सावकाश वाकली आणि पुन्हा सरळ झाली.

"काय हाय?" सासूने विचारलं.

"जंत आहे. बहुतेक कापावं लागणार नाही," डॉक्टर म्हणाले.

पण सर्जनकडे पाठवला तो फोटो, आणि फोटोत हालचाल दिसत नाही. सर्जन फोनवर म्हणाले, मला इथे नुसती रेघ दिसते आहे, खात्री कशावरून? डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "माझा हात थरथरतो. प्रोब सिस्टरने धरला होता, हलताना मी पाहिलं." असली बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो? त्यांना ते माहीत होतं. पुढे म्हणाले, "उपाशी ठेवा, सलाईन लावा, कळ थांबवा. जंताचं औषध आत्ता नको. नळीतच मेला तर तिथेच अडकेल. आपल्या पायांनी बाहेर पडू दे."

जंताला पाय नसतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सर्जन थांबले. रोज कमलला इस्पितळातून आणायचे, रोज प्रोब मी धरायची. तिसऱ्या दिवशी नळी रिकामी होती.

त्यानंतर बाकीच्या डॉक्टरांकडून पेशंट पाठवल्याच्या चिठ्ठ्या येणं कमी झालं आणि तीन महिन्यांत डॉक्टरांनी खोली बंद करायचं ठरवलं. शेवटच्या आठवड्यात आम्ही सामान बांधत होतो तेव्हा कमल आणि तिची सासू आल्या. बाळ गुटगुटीत होतं. "घ्या की डॉक्टर," म्हणत सासूने ते पुढे केलं.

डॉक्टरांचे हात पुढे आले आणि परत मागे गेले.

"सिस्टर," ते म्हणाले, "तुम्ही धरा."

मी बाळ घेतलं. ते हात पाठीमागे बांधून समोर उभे राहिले आणि घड्याळाकडे न बघता कितीतरी वेळ त्याला नुसते पाहत होते.