बोललेलं लिहून घेणारे मामा

“चला, आता तो कागद जल्दी होईल.”

मामांना स्मशानात पोचवून परतलेली माणसं अंगणात पाय धूत होती आणि मी बादल्या भरून देत होते. बोलणारे आमच्याच गल्लीतले, प्लॉटिंगचा धंदा करणारे शेठ. आवाज त्यांनी खाली ठेवला होता. मला राग आला असं म्हणता येणार नाही. वाक्य मात्र लक्षात राहिलं... त्याला आता पाच आठवडे झाले.

मामा जालन्यात रजिस्ट्री ऑफिसबाहेर दस्तलेखक होते. एक टेबल, तीन खुर्च्या, अलीकडे एक जुना कॉम्प्युटर. कॉलेज संपल्यावर मी त्यांच्याकडे राहून अमेरिकेतल्या गृहकर्जांची कागदपत्रं तपासायचं काम घरबसल्या करू लागले, तेव्हा ते म्हणाले, “आपण दोघं एकाच लाइनीतले. तू तिकडची घरं बघ, मी इकडची बघतो.” सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसे. बोलत नसे. त्यांनी कधी बोलायला लावलंही नाही.

आमच्याकडे ‘विश्वासाचं खरेदीखत’ म्हणून एक प्रकार चालतो. बँकेची जप्तीची नोटीस आलेल्या माणसाचं देणं कुणी पैसेवाला भरतो, बदल्यात घर आपल्या नावावर करून घेतो आणि पैसे फेडले की परत देईन असं सांगतो. तोंडी. राहत्या घराचा असा कागद मामा तसाच लिहीत नसत. घेणाऱ्याला ते सगळ्यांसमोर त्याचं वचन बोलायला लावत आणि ते जसंच्या तसं खरेदीखतात घालत. निम्मे लोक उठून शेजारच्या टेबलाकडे जात. मामी विचारायच्या, “गिऱ्हाइकं हाकलायचा पगार भेटतो का तुम्हाला?”

एकदा मी त्यांना सांगितलं, अमेरिकेतल्या काही राज्यांत कायदाच आहे. अडचणीतल्या माणसाचं राहतं घर गुंतवणूकदाराने घेतलं, तर सगळ्या अटी लेखी लागतात आणि सही झाल्यावरही विकणाऱ्याला काही दिवस मागे फिरता येतं. मामांनी बशी खाली ठेवली. “म्हंजे तिथं बी आपल्यासारखेच लोक हायत,” ते म्हणाले. त्या दिवशी ते बराच वेळ खुशीत होते.

त्यांच्याकडे शेवटी आलेलं काम सुमनताईंचं. ताई आमच्या गल्लीत खाणावळ चालवतात, मागच्या दोन खोल्यांत राहतात. नोटीस आली तेव्हा शेठ मदतीला धावले.

“मामा, ताई काय परकी हाय का? माझी जबान हाय.”

“जबानीला स्टँप लागत न्हाई शेठ, म्हणून तर सगळे देऊन राह्यले.”

शेठही हसले, पण वचन लिहून द्यायला तयार झाले नाहीत. कागद तसाच राहिला. पुढच्या आठवड्यात मामा टेबलाशी बसल्या बसल्याच गेले.

चौदाव्या दिवशी ताई आणि शेठ घरी आले. ताईंच्या घराची मूळ कागदपत्रं मामांच्या कपाटात होती. मामींनी ती काढून दिली. शेठनी दुसऱ्याकडून लिहून आणलेलं खरेदीखत ताईंपुढे ठेवलं, पेनही दिलं. ताईंनी कागद माझ्याकडे सरकवला. “बघ गं, बराबर हाय ना?”

“ती इंग्लिश मिडियमची,” शेठ म्हणाले. “तिला आपला कागद काय कळतो!”

मी वाचलं. घराच्या चारी बाजूंच्या चतुःसीमा बरोबर होत्या. किंमत होती, ताबा दिल्याचं होतं. शेवटच्या पानापर्यंत गेले, पुन्हा पहिल्यावर आले. मामी दाराशी उभ्या होत्या. ताईंनी पेनाचं टोपण काढलं होतं. मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं.

“ताई, घर परत देईन असं यात कुठंच नाही,” मी म्हणाले. “शेठ, तुम्ही आत्ता सगळ्यांसमोर बोला. मी लिहून घेते.”