सतरावा प्रश्न

रुग्णालयाच्या कंप्युटर विभागातले कायदेकाका नाकावर माशी बसू देत नसत. कोणी कोणत्या रुग्णाची फाइल उघडायची, याचे नियम वीस वर्षं तेच मशीनला लिहून देत आले होते. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तीच रेघ एका सिस्टरच्या मुळावर आली. तिने आपल्या वॉर्डात दाखल असलेल्या सख्ख्या भावाची फाइल उघडली आणि नातेवाइकांच्या फायलींना तर बंदी! "मला मशीनने अडवलंच नाही हो," ती रडकुंडीला येऊन सांगत होती. काकांनी लेखी देऊन टाकलं: मशीन अडवणारच, हिने मशीनमधल्या आपल्या नातेवाइकांच्या यादीतून भावाचं नाव काढून मागाहून परत घातलं असणार. नुसतं बघितलं असतं तर समज देऊन भागलं असतं. फेरफार म्हणजे नोकरीच जाणार. सोमवारी निर्णय होता.

त्याच आठवड्यात साहेबांनी काकांना फायली अडवणारी नवी यंत्रणा जुनीशी ताडून बघायला सांगितली. काकांनी दोघींना तेच चाळीस प्रश्न विचारले. एकोणचाळीस उत्तरं जुळली. सतराव्याला घोडं अडलं: ड्युटीवरच्या सिस्टरने आपल्या वॉर्डातल्या नातेवाइकाची फाइल उघडावी का? नवी म्हणाली, नाही. जुनी म्हणाली, खुशाल!

काकांनी दोघींची नियम वाचायची रीत तपासली. नवी सगळे नियम वाचायची आणि कुठेही बंदी दिसली की बंदीच मानायची. जुनी वरून वाचत यायची आणि लागू पडणारा पहिला नियम सापडला की तिथेच थांबायची. काकांनी 'ड्युटीवरच्या सिस्टरला वॉर्डातली प्रत्येक फाइल' हे वर लिहिलं होतं. बंदी नऊ ओळी खाली, तिथवर जुनी कधी पोचलीच नव्हती.

त्यांनी सतरावा प्रश्न खोडला. उत्तरांचा तक्ता कसा स्वच्छ दिसायला लागला! मग, स्वतःचीच लाज वाटून, त्यांनी तो प्रश्न परत लिहिला.

"मग चांगली कोणती?" सोमवारी साहेबांनी विचारलं.

"नवी घ्या. पण जुनीने मी सांगितलं तेच केलं, साहेब. चूक माझी आहे. सिस्टरबद्दलचं माझं पत्र परत द्या."

संध्याकाळी ते सिस्टरच्या दारात उभे राहिले.

"काका, इतके दिवस सगळे विचारतायत, फाइल उघडलीस कशी," ती म्हणाली. "आत काय होतं, ते एकानेही विचारलं नाही."

काकांनी मान खाली घातली. "काय होतं, पोरी?"

"भावाची गाठ साधी निघाली," ती म्हणाली आणि रडायला लागली.