नानांची हलकी रायफल

नाना रायफल हातात घेतली की आधी डोळे मिटायचे. दुकानात येणारी बाकीची गिऱ्हाइकं बंदूक खांद्याला लावून एक डोळा बारीक करायची, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरायची, दस्त्याच्या लाकडावरून हात फिरवायची. नाना यातलं काही करत नसत. रायफल खांद्याला टेकवायची, डावा हात नळीखाली धरायचा, डोळे मिटायचे आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजायचे. पंचविसाच्या आसपास तो हात थरथरायला लागे. मग डोळे उघडून ते रायफल अलगद काउंटरवर ठेवत आणि म्हणत, "जड हाय." दुकानात सगळे त्यांना 'वजनवाले नाना' म्हणायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. मी मुंबईत फोर्टातल्या एका बंदुकांच्या दुकानात कारकून होतो आणि राहायला वसईत. मूळचा मी साताऱ्याकडचा. वसईत फ्लॅट घेऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. पण मी वसईचा आहे हे कळल्यापासून नाना दुसऱ्या कुणाशी बोलेनासे झाले. "ह्यो आपल्या गावचा मानूस," असं त्यांनी शेठना बजावूनच टाकलं. नाना वसई तालुक्यातल्या कामणचे. चिंचोटीच्या डोंगराच्या पायथ्याला त्यांची भातशेती आणि थोडी भाजी. येताना पिशवीतून माझ्यासाठी शिराळी आणायचे आणि रायफल न घेताच परत जायचे.

त्यांचा डावा हात कोपरातून सरळ होत नसे. लहानपणी आंब्यावरून पडले होते, गावातल्या माणसाने हाड बसवलं ते वाकडंच बसलं. म्हणून रायफल हलकी हवी. आणि ती मॅग्नमच हवी. हा शब्द त्यांनी आमच्याकडच्या एका जुन्या परदेशी कॅटलॉगवरून उचलला होता. मॅग्नम म्हणजे काय, असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं. काडतुसात दारू जास्त, त्यामुळे गोळीला जोर जास्त, असं मी सांगितलं. नानांकडे पिकाच्या रक्षणासाठी मिळालेल्या परवान्यावरची बारा बोअरची एकनळी होती. तिच्याबद्दल ते एवढंच म्हणत, "ती डुकराला लागते. पुरत नाय."

शेठ वैतागायचे. "नाना, हलकी, जोरदार आणि परवडणारी. या तिन्हींपैकी कुठल्याही दोन मागा, आजच्या आज देतो." नाना हसून म्हणत, "मना तिन्ही पायजेत. मी थांबतो." परदेशातून नवी रायफल आणणं तेव्हा बंदच होतं. कुणा जुन्या शिकाऱ्याच्या घरातून निघेल ती घ्यायची. नानांची डोंगराकडची एक पट्टी रस्त्याच्या रुंदीकरणात गेली होती; त्याचे आलेले पैसे त्यांनी रायफलीसाठी म्हणून बाजूला ठेवले होते. सरकारी कारखान्याची साधी रायफल त्यात सहज बसत होती आणि हाताला फार जडही नव्हती. मी ती तीनदा दाखवली. तीनदा त्यांनी विचारलं, "जाग्यावर पाडेल?" बहुधा पाडेल, असं मी म्हणायचो. 'बहुधा' म्हटलं की ते पिशवी उचलायचे.

हलक्या रायफलीचा तोटाही मी त्यांना सांगितला होता. वजन जितकं कमी, तितका धक्का खांद्याला जास्त. पासष्टीच्या माणसाचा खांदा निखळायचा. नाना म्हणाले, "खांदा माजा हाय ना? त्याचं काय व्हायचं ते होऊ दे. डुक्कर पडलं पायजे."

हे 'पडलं पायजे' कुठून आलं ते मला दुसऱ्या वर्षी कळलं. दुकानासमोरच्या टपरीवर चहा पीत असताना त्यांनी आपणहून सांगितलं. दहाएक वर्षांपूर्वी भात पोटरीत असताना रानडुकरांनी शेत लोळवलं होतं. डुक्कर मारायच्या परवानगीचा वनखात्याचा कागद हातात होता. सकाळी उजाडल्यावर नाना आणि त्यांचा धाकटा भाऊ पांडुरंग बांधावर गेले. एक मोठा नर शेतातच होता. नानांनी बार काढला. "लागला. माज्या डोल्यांनी बघितला. पन पडला नाय, कारवीच्या झाडीत शिरला. पांडू बघायला आत गेला." जखमी जनावराने पांडुरंगाची मांडी फाडली. टेम्पोत घालून वसईला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. नानांनी कप खाली ठेवला. "बंदूक पुरली असती तर माजा भाऊ असता." त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. घरात आता ते आणि पांडुरंगाची बायको यमुना, दोघंच होती.

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी मनापासून रायफल शोधू लागलो. आणि ती सापडली. चहाच्या मळ्यावरून निवृत्त झालेल्या एका साहेबांच्या पत्नीने नवऱ्यामागे त्यांच्या बंदुका विकायला काढल्या, त्यात सात मिलिमीटरची एक मॅग्नम होती. नळी आखूड आणि बारीक, दस्ता हलक्या अक्रोडाचा. पकडीजवळ लाकडाला चीर गेलेली, म्हणून किंमत नानांच्या आवाक्यात. मी शेजाऱ्याच्या फोनवर निरोप ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी नाना पायरीवर बसलेले. त्यांनी रायफल उचलली, डोळे मिटले. पंचवीस झाले, चाळीस झाले, पन्नास झाले. शेठही हातातलं काम टाकून बघत होते. साठाला नानांनी डोळे उघडले. "हीच," ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझा हात हातात घेतला.

पण त्यांचा परवाना बारा बोअरचा होता. रायफलीसाठी नवा अर्ज करायला हवा होता. तो मीच लिहून दिला, ठाण्याला कलेक्टर कचेरीत खेपा नानांनी घातल्या. पोलिसांचा अहवाल झाला, तहसीलचा झाला, मग शेताची पाहणी निघाली. त्यातच एक वर्ष गेलं. त्या वर्षात नानांच्या आजूबाजूची शेतं गोदामांसाठी विकली गेली. लोकांनी मुरूम टाकून जमिनी चार-चार फूट वर उचलल्या. पावसाचं पाणी जायला वाट उरली नाही, ते सगळं नानांच्या खाचरात तुंबलं आणि लावलेलं भात कुजलं. पुढच्या वर्षी त्यांनी लावणी केलीच नाही. पाहणीला आलेल्या माणसाने जे दिसलं ते लिहिलं: जमीन पडीक, उभं पीक नाही, नुकसानीचा प्रश्न नाही. अर्ज नामंजूर झाला.

शेठनी चौदा महिने रायफल थांबवली होती, याहून जास्त कुणी थांबलं नसतं. शेवटी ती एका बिल्डरला गेली. त्याने वजन पाहिलं नाही की जोर विचारला नाही. फार्महाऊसच्या भिंतीवर चांगली दिसेल म्हणाला.

हे फोनवर सांगणं मला जमेना. रविवारी मी कामणला गेलो. घर शोधायला वेळ लागला. तिन्ही बाजूंनी गोदामांच्या पत्र्याच्या भिंती आणि मधल्या खोलगट जागेत ते कौलारू घर. नाना ओटीवर बसले होते. दाराशी एक पन्नाशीची बाई तांदूळ निवडत होती. ती यमुना. मी सगळं सांगितलं. नाना म्हणाले, "दुसरी बघू. निगंल कुठंतरी."

"आता कशाला, नाना?" माझ्या तोंडून निघून गेलं. "शेत नाही, डुकरं येत नाहीत."

"पुरनारी बंदूक घरात असाया पायजे," ते म्हणाले. "तवा नव्हती, म्हनून पांडू गेला."

यमुनाचा हात सुपात थांबला. ती त्यांच्याकडे न बघता माझ्याशी बोलली. "भाऊ, तुमी शिकलेलं मानूस, म्हनून सांगते. बंदुकीपायी नाय गेले आमचे. मी बांधावर होते, न्याहारी घेऊन गेलेले. ह्या नानांनी बंदुकीत लगेच दुसरा बार भरून घेतलेला. रिवाज असा, ज्यानं बार काढला त्यानं माग काढायचा. हे जाग्यावरनं हलले नाय. आमच्या मानसाला बोलले, तू जा. ते हातात कोयता घेऊन गेले."

मला वाटलं, नाना आता रागावतील, निदान नाही तरी म्हणतील. ते अंगणाकडे बघत राहिले. यमुना पुन्हा तांदूळ निवडू लागली. थोड्या वेळाने तिने आत जाऊन मला चहा आणला, नानांनाही दिला. त्यांच्या घरात हे बोलणं याआधी कधी झालं होतं का, ते मला कळलं नाही. निघताना नाना नेहमीसारखे रस्त्यापर्यंत पोचवायला आले नाहीत.

चार-पाच महिन्यांनी ते दुकानात आले. पिशवी रिकामी होती. बाकावर बसले, पण नवं काय आलं असं विचारलं नाही. मी उगाच एक-दोन बंदुकांची नावं घेतली. त्यांनी ऐकली नाहीत. समोर गिऱ्हाइकं उभी होती, शेठ गल्ल्यावर होते. नाना सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "त्या दिवशी मी घाबरलेलो."

शेठनी मान वर केली. गिऱ्हाइकांना काही समजलं नाही. मला समजलं. "थांबा नाना, चहा सांगतो," म्हणून मी समोरच्या टपरीकडे धावलो. दोन कप घेऊन परत आलो तेव्हा बाक रिकामा होता. शेठ म्हणाले, "आत्ताच गेले. कुठल्या दिवसाचं बोलत होते ते?"

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी कामणच्या एका गोदामात माल उतरवणाऱ्या ड्रायव्हरकडून कळलं की नाना गेले. तेरावंही होऊन गेलं होतं. मी दुकानात आणखी नऊ वर्षं काढली. तेव्हा काय म्हणायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही. मी चहा आणायला जायला नको होतं, एवढंच कळतं.